बहरीन म्हणजे नुसतं कबरस्तान नव्हे

‘बहरीनवर कुणी राहतच नव्हतं, अरबस्तानच्या मुख्य भूमीवरचे लोक मेलेल्यांना इथे आणून पुरायचे’ ही समजूत बरीच वर्षं टिकली. वाटणारच म्हणा, दिलमून काळातली (म्हणजे इथल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या संस्कृतीची) ११,७७४ दफनटेकाडं एकट्या युनेस्कोच्या यादीत आहेत! १९२५ मध्ये थडगी उकरणारे पुरातत्त्वज्ञ अर्नेस्ट मॅकेही फसले. (हेच पुढे मोहेंजोदडो खणायला गेले.) पण १९५०च्या दशकात डॅनिश पथकाने कलात अल-बहरीनची टेकडी खणायला घेतली आणि खालून अख्खं शहर निघालं. तटबंदी, रस्ते, तांबं वितळवून ओतकाम केल्याच्या खुणा आणि चक्क सिंधू संस्कृतीच्या मापाची दगडी वजनं! तांबं यायचं ओमानकडून. बहरीनमधल्याच सार नावाच्या ठिकाणी तर घरांच्या रांगाच सापडल्या, अगदी कबरींच्या शेजारी.