कंबरदुखीसाठी गादी आणि पलंग

कंबरदुखीसाठी गादी आणि पलंग : झोपेत कण्याचा मूळचा बाक टिकावा आणि कमरेचे स्नायू सैल पडावेत, या बेताने निवडलेली गादी व तिच्याखालचा तळ. गादी हा कंबरदुखीवरचा इलाज नव्हे, पण चुकीची गादी दुखणे रोज सकाळी ताजे करते. रात्री बरे वाटते, उठताना कंबर धरते आणि चालूफिरू लागल्यावर अर्ध्या तासात मोकळी होते, असे रोज घडत असेल तर आधी बिछाना तपासावा. तरुण वयात सकाळचा ताठरपणा त्याहून जास्त वेळ राहत असेल किंवा दुखण्यासोबत ताप असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. पायातली ताकद जाणे, जांघेभोवती बधिरपणा येणे, लघवी अडणे वा नकळत होणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ) किंवा जवळचे मोठे इस्पितळ गाठावे.

‘कमरेला त्रास आहे ना, मग फळीवर झोप’ हा सल्ला गोव्यात आजही घरोघरी मिळतो. एके काळी डॉक्टरही तेच सांगत. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास छापून आला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांपैकी काहींना कडक, तर काहींना मध्यम कडक गादी ९० दिवस दिली होती. मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला. कारण समजण्यासारखे आहे. फार कडक पृष्ठभागावर कुशीवर झोपले की सारा भार खांदा आणि खुब्यावर येतो, कंबर अधांतरी राहते आणि तिचे स्नायू रात्रभर ताणलेले असतात. फार मऊ गादीत शरीराचा सर्वांत जड भाग, म्हणजे नितंब, खाली जातो आणि पाठीची झोळी होते. आधार आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुकानात बोटाने दाबून गादी कळत नाही. चपला काढून, रोज ज्या कुशीवर झोपतो तिच्यावर, किमान १० मिनिटे पडावे. उताणे झोपून कमरेखाली हात सरकवावा. हात आरपार सहज फिरला तर गादी कडक, आतच जात नसेल तर मऊ, किंचित दाबून गेला तर योग्य. कुशीवर झोपल्यावर सोबतच्या माणसाने मागून पाहावे: मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ दिसली पाहिजे. ९० किलोंच्या पुढच्या माणसाला जास्त जाड आणि घट्ट गादी लागते, ५०–५५ किलोंच्या माणसाला तीच फळीसारखी वाटते. म्हणून नवरा-बायकोच्या वजनात मोठा फरक असेल तर ७२ × ३६ इंचांच्या दोन गाद्या शेजारी-शेजारी घालणे शहाणपणाचे. ‘ऑर्थो’ ही चिठ्ठी वैद्यकीय दाखला नव्हे. बहुधा तिचा अर्थ एवढाच की गादी कडक आहे.

रबराचा चीक चढवलेली काथ्याची गादी हवा खेळती ठेवते, म्हणून गोव्याच्या दमट हवेला मानवते. मात्र नुसता काथ्या टणक असतो, त्यावर १ ते २ इंच फोम हवा. जिथे नितंब टेकतात तिथेच तो आधी मोडतो. चादरीखाली तपकिरी भुकटी सापडू लागली की समजावे. फोम घेताना जाडीबरोबर घनता विचारावी: घनमीटरमागे ३२ किलोंपेक्षा हलका फोम रोजच्या वापरात लवकर बसतो, मुख्य थराला ४० बरा. मेमरी फोम उष्णतेने मऊ होतो. एसीच्या खोलीत ठीक वाटलेली गादी मे महिन्यात पंख्याखाली चिखलासारखी रुतते. लेटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचा फोम, उत्तम, पण महाग आणि जड. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत स्प्रिंगला गंज धरण्याची भीती असते. कापसाची गादी पावसाळ्यात ओल धरून गोळे होते; पिंजून घेतली नाही तर वर्ष-दोन वर्षांतच तिचा आधार जातो.

खरी चूक पुष्कळदा गादीखाली असते. पलंगाच्या आडव्या पट्ट्यांमध्ये ३ इंचांपेक्षा जास्त फट असेल तर महागडी गादीही त्यात बसते. डबल पलंगाला मधोमध डोक्याकडून पायांकडे जाणारे लाकूड आणि त्याखाली जमिनीला टेकलेला पाय हवाच. १२ मिलिमीटरचे प्लायवूड मध्ये वाकते, १८ चे घ्यावे. गादी काढून तळावर या कडेपासून त्या कडेपर्यंत सुतळी ताणून धरली की बाक लगेच दिसतो. गादीवरही हीच सुतळी ताणावी. १ ते दीड इंचाचा खड्डा असेल तर गादी बदलण्याजोगी झाली. दोष कोणाचा हे ठरवायला तीच गादी चार-पाच रात्री जमिनीवर घालून झोपावे. कंबर हलकी झाली तर पलंग दुरुस्त करावा, नवी गादी घेऊ नये. पावसाळ्यात ही परीक्षा करताना खाली चटई घालावी आणि सकाळी गादी उभी करून ठेवावी.

गोव्यात साठवणीचा बॉक्स पलंग फार चालतो आणि पावसाळ्यात तोच त्रास देतो. बंद प्लायवूडवर घामाची वाफ अडकते, गादीच्या पोटाला काळी बुरशी धरते, ओले प्लाय सुटून मध्ये खचते. फळीला दर ६ इंचांवर अर्ध्या इंचाची भोके पाडून घ्यावीत. चिऱ्याच्या भिंतीतून ओल येते म्हणून पलंग तिच्यापासून ४ इंच दूर ठेवावा.

उंचीही पाहावी: काठावर बसल्यावर तळवे जमिनीला पूर्ण टेकले आणि गुडघे काटकोनात आले तर कंबरेला झटका न बसता उठता येते. जुन्या घरांतल्या उंच पलंगांना पायरीची चौकी लावावी. उताणे झोपणाऱ्याने गुडघ्यांखाली, कुशीवर झोपणाऱ्याने गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी.

दर ३ महिन्यांनी गादीची डोक्याकडची बाजू पायांकडे करावी. दोन्ही बाजूंनी वापरायची असेल तर उलटावीही. चवथीआधीच्या साफसफाईत ती उभी करून खालचा तळ कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. कापसाच्या गादीला पाऊस सरल्यावर कडक ऊन द्यावे. फोम आणि लेटेक्स मात्र उन्हात ठेवू नयेत, ते पिवळे पडून भुगा होतात. त्यांना सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, दोन्ही अंगांनी वाळवावे.