अडुळशाच्या पानांचा नमुना पाठवण्याआधी

‘तुमच्या रिपोर्टमध्ये माल पास होता, मग कंपनीने परत का पाठवला?’ हंगामात हा फोन आमच्या तपासणी प्रयोगशाळेत आठवड्यातून दोन-तीनदा येतो. बहुतेक वेळा घोळ नमुन्यातच असतो.

पोत्याचं तोंड सोडून वरची हिरवीगार पानं निवडून पुडी बांधली, की ती पुडी पास होणारच. माती असते तळाशी. गाडीत हादरे बसून पानांवरची धूळ खाली उतरते, चुराही तिथेच साठतो. एकदा एकाच पोत्यातली वरची आणि तळची पानं आम्ही वेगवेगळ्या मुशींत जाळली आणि राख आम्लात उकळून गाळली. वरच्याच्या गाळणकागदावर नुसता करडा डाग, तळच्याच्या कागदावर बोटाला खरखरीत लागणारी वाळू. अडुळशाच्या पानातच क्षार भरपूर, म्हणून आयुर्वेदिक फार्माकोपियात (औषधी मालाच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथात) एकूण राख २१ टक्क्यांपर्यंत चालते. आम्लात न विरघळणारी, म्हणजे माती-वाळूची राख मात्र १ टक्क्याच्या वर नको. माल अडतो तो इथे.

पोती ५ पर्यंत असतील तर प्रत्येकातून नमुना घ्या. ६ ते ५० असतील तर कोणत्याही ५ पोत्यांतून, त्याहून जास्त असतील तर दहा टक्के पोत्यांतून. प्रत्येक पोत्यात वर, मध्ये आणि तळाशी हात घाला. सगळं कापडावर कालवून चौकोनी पसरा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. चुरा चाळून टाकू नका, तोही तुमचाच माल आहे. हे जमत नसेल तर आमचा माणूस गोदामावर येऊन नमुना काढून देईल.

पूड नको, अखंड पानं पाठवा. अडुळशात महारुख या दुसऱ्याच झाडाची पानं मिसळलेली येतात. त्यांचा काठ दातेरी असतो, अडुळशाचा सलग. अखंड पान असेल तर हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं, पूड असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली शोधावं लागतं आणि त्याचा खर्च तुमच्यावरच पडतो. प्लास्टिकच्या पिशवीत पानांना घाम सुटून बुरशी धरते, तेव्हा कापडी पिशवी वापरा. ती आमच्याकडे मिळते.

‘रिपोर्टला दोन दिवस कशाला?’ असंही विचारतात. पानातलं किती द्रव्य अल्कोहोलमध्ये उतरतं, म्हणजे अर्क किती, हे मोजायला ५ ग्रॅम पूड १०० मिली अल्कोहोलमध्ये २४ तास ठेवावी लागते, पहिले ६ तास हलवत. मग गाळणं, आटवणं, वाळवून वजन करणं. यात घाई केली तर आकडा कमी येतो आणि चांगला माल नापास होतो. तसा रिपोर्ट आम्ही देत नाही.

पिशवीवर तोडणीची तारीख आणि पानं सावलीत वाळवली की उन्हात, तेवढं लिहा. वासिसिन, म्हणजे अडुळशातलं मुख्य औषधी द्रव्य, कमी भरलं तर कारण शोधायला तिथूनच सुरुवात करता येते.