नकाशावरचे दीड मिलिमीटर

१८ मीटरचा रस्ता २४ मीटर करायचा ठरला, तर १:४००० प्रमाणाच्या आराखड्यावर हा फरक दीड मिलिमीटरचा दिसतो. चार मीटर दर्शनी भागाचं दुकान तिथे एक मिलिमीटर, म्हणजे जाड पेन्सिलीच्या रेघेखाली झाकलं जाईल एवढं. पालिकेत टांगलेल्या अशा नकाशासमोर माणसं उभी राहतात, सर्व्हे नंबर शोधतात आणि हिरमुसून परततात.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप विकास आराखड्याची नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत द्यावी लागते. हरकती-सूचनांसाठी बहुतेक शहरांत ३० दिवस मिळतात. मुदत अपुरी आहेच, पण त्याहून मोठी अडचण भाषेची. ‘२४ मी. रुंद वि. यो. रस्ता’ (वि. यो. म्हणजे विकास योजना) वाचून भाडेकरूला किंवा टपरीवाल्याला आपला संबंध कळणार कसा?

उपाय खर्चिक नाही. त्याच पट्ट्याचा नकाशा १:५०० प्रमाणात काढावा. तेच दुकान आठ मिलिमीटरचं होतं, बोट ठेवून दाखवता येतं. सर्व्हे नंबराशेजारी देऊळ, पिठाची गिरणी, रिक्षा स्टँड लिहावेत आणि नकाशा बसथांब्यावर लावावा. मग जागेवर चुन्याची फक्की टाकावी: रुंदीकरण दोन्हीकडे सारखं असेल तर आजच्या हद्दीपासून तीन-तीन मीटर आत. रेघ पायरीवरून जाते की थेट ओट्यावरून, हे दिसलं की ‘रस्ता हवाच कशाला?’ मागे पडतं आणि ‘नळजोड कुठे हलवणार?’, ‘या कोपऱ्यावर बस वळेल का?’ असे प्रश्न येतात. आराखडा सुधारतो तो याच प्रश्नांनी. फक्की मात्र पावसाळ्याआधी टाकावी, नाहीतर एका सरीत वाहून जाते.

स्टॉकहोमने तर अख्खी योजनाच आधी वापरून दाखवली. मध्यवर्ती भागात ये-जा करणाऱ्या गाड्यांवरचं गर्दी-शुल्क ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ लागू ठेवलं आणि सप्टेंबरमध्ये मतदान घेतलं. शुल्काची हद्द ओलांडणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली होती. आधी विरोधात असलेल्या शहराने कौल बाजूने दिला.

हरकतींची नुसती संख्या मोजण्यात अर्थ नाही. एकाच मजकुराच्या पाचशे छापील अर्जांत मुद्दा एकच असतो. ‘शाळेच्या फाटकासमोर दुभाजक सलग आहे, मुलं ओलांडणार कुठून?’ हा एकच अर्ज नकाशा बदलायला लावतो. प्रत्येक अर्जाला आवक क्रमांकाची पोच द्यावी. सुनावणीनंतर त्याच बसथांब्यावर, त्याच नकाशाखाली, क्रमांकानुसार यादी लावावी: मान्य की अमान्य, आणि कारण एका ओळीत.