एकच ससा, दोन रायफली: छोट्या शिकारीच्या नळीमागचा इतिहास

अमेरिकेतल्या दुकानात ‘व्हार्मिंट रायफल’, म्हणजे उपद्रवी छोट्या प्राण्यांसाठीची रायफल, मागितली की दुकानदार बहुधा २४ किंवा २६ इंची, जाडजूड नळीची आणि वर भलीमोठी दुर्बीण चढवलेली रायफल पुढे ठेवतो. इंग्लंडातल्या शेतावर सशांसाठी ठेवलेल्या .२२ ची (म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाची गोळी झाडणाऱ्या रायफलीची) नळी जेमतेम १४-१६ इंचांची असते आणि तिच्या टोकाला मॉडरेटर, म्हणजे आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो तो, घट्ट फिरवून बसवलेला असतो. काम दोघींचं एकच: शेताची आणि कुरणाची नासाडी करणारे छोटे प्राणी मारणं. अमेरिकेत वुडचक आणि प्रेअरी डॉग हे बिळं करणारे कुरतडे प्राणी, इंग्लंडात ससे. तरी हत्यारं इतकी वेगळी झाली, त्यात माझ्या मते जनावरांपेक्षा कायद्याचा आणि शेजाऱ्यांचा हात मोठा आहे.

सायलेन्सर मुळात अमेरिकेचाच. मशीनगन बनवणाऱ्या हायरम मॅक्सिमचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम याला १९०९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. बापाने जगाचे कान बधिर केले आणि मुलगा ते वाचवायला निघाला! नेमबाजीचा सराव करताना आजूबाजूच्या लोकांना त्रास नको, एवढाच आपला हेतू असल्याचं त्याने सांगून ठेवलं आहे. रचना साधी होती. नळीतून गोळीमागोमाग उसळणारा गॅस एका डब्यातल्या कप्प्याकप्प्यांतून फिरवायचा, म्हणजे तो हळूहळू पसरतो, थंडावतो आणि एकदम फुटत नाही. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडेही मॅक्सिमचा सायलेन्सर बसवलेली विंचेस्टर कंपनीची रायफल होती.

मग १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आला. दारूबंदीच्या काळात बोकाळलेल्या टोळ्यांवर रोख असलेल्या या कायद्याने मशीनगनसोबत सायलेन्सरलाही नोंदणी लावली आणि वर २०० डॉलरचा कर बसवला. काही डॉलरांत मिळणाऱ्या वस्तूवर २०० डॉलर! सामान्य शेतकऱ्याच्या हातून ती वस्तू गेलीच. हा आकडा पुढे नव्वद वर्षं जागचा हलला नाही. १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य झाला. नोंदणी मात्र कायम आहे.

आवाज दाबायचा मार्ग बंद झाला तेव्हा अमेरिकन हौशी मंडळी आधीच दुसऱ्या रस्त्याला लागली होती: वेग. पूर्वेकडच्या दुभत्या जनावरांच्या पट्ट्यात वुडचक गवताच्या कुरणात बिळं करतो. त्याला .२२ च्या शिशाच्या गोळीने टिपायचं तर एक धोका असतो. ही संथ गोळी दगडावर किंवा कडक जमिनीवर उसळते आणि पुढच्या गोठ्याकडेही जाऊ शकते. पातळ कवचाची हलकी गोळी जबरदस्त वेगाने गेली, तर जमिनीला लागताच बहुधा तिचे तुकडे होतात. १९२० च्या दशकाच्या शेवटी स्प्रिंगफील्ड आर्मरी या अमेरिकी सरकारी शस्त्र कारखान्यातल्या काही जणांनी, त्यांत टाऊनसेंड व्हेलेन हे मोठं नाव, १८८५ च्या जुन्या .२२ डब्ल्यूसीएफ काडतुसात नवी धूरविरहित दारू भरून प्रयोग केले. त्यातून .२२ हॉर्नेट हे काडतूस निघालं. गंमत म्हणजे विंचेस्टरने १९३० मध्ये काडतूस बाजारात आणलं, तेव्हा ते उडवायला कारखान्यात बनलेली एकही रायफल नव्हती. लोक लष्करी सरावाच्या .२२ रायफली बदलून घेत.

१९३५ मध्ये .२२० स्विफ्ट या काडतुसाने सेकंदाला ४,००० फुटांची मर्यादा ओलांडली. त्याची किंमत नळीने मोजली. एवढ्या गरम गॅसने नळीचा घसा झिजतो आणि नेम बिघडतो. १९५० मध्ये रेमिंग्टन कंपनीच्या माइक वॉकर यांनी .२२२ काडतूस आणलं. ते वेगाला कमी, पण अचूकतेला इतकं पक्कं की नेमबाजीच्या स्पर्धांतही वर्षानुवर्षं त्याचाच दबदबा राहिला. त्याचाच थोडा लांब भाऊ .२२३, लष्कराच्या एम-१६ रायफलीमुळे घरोघरी पोहोचला. जाड नळीचं कारणही इथेच सापडतं. प्रेअरी डॉगच्या वसाहतीसमोर बसलेला माणूस दिवसात शेकडो गोळ्या झाडतो. बारीक नळी लवकर तापते, तिच्यावरून उठणाऱ्या गरम हवेने दुर्बिणीतलं चित्र लहरू लागतं आणि गोळ्या इकडेतिकडे पडतात.

इंग्लंडात गोष्ट वेगळी घडली. १९५३ मध्ये केंटमध्ये मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाची साथ पोहोचली आणि दोनेक वर्षांत बहुतेक ससे मेले. १९५४ च्या पेस्ट्स ॲक्टने उरलेल्या सशांचा बंदोबस्त करण्याची जबाबदारी जमीन कसणाऱ्यावर टाकली. ससे सावरले, पण शेतं लहान, गावं लागून आणि शिकार रात्री दिव्याच्या उजेडात. तिथे मॉडरेटर परवान्यावर मिळत राहिला, आणि त्याच्याकडे गुंडांचं हत्यार म्हणून न बघता शिष्टाचाराची वस्तू म्हणून बघितलं गेलं. फक्त तो लावून भागत नाही. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने गेली तर हवेतच तडाखा वाजतो आणि त्यापुढे कोणताही डबा हतबल असतो. म्हणून सेकंदाला १,०५० फुटांच्या आसपासची सबसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा संथ, गोळी. मग झाडणाऱ्याला ऐकू येतो तो फक्त खटका आणि पलीकडून गोळी लागल्याचा ‘थप्’. .२२ ची दारू १६ इंचांत जळून संपते, त्यामुळे नळी आखूड केल्याने काही बिघडत नाही. अमेरिकेत १६ इंचांखाली गेलं की पुन्हा तोच १९३४ चा कायदा आड येतो. ब्रिटनमध्ये मर्यादा ३० सेंटिमीटर. न्यूझीलंडमध्ये तर ससे ही राष्ट्रीय डोकेदुखी असल्याने सायलेन्सरवर बंधन नाही.

आपल्याकडे हा प्रवास झालाच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी नाव येतं ते ठासणीच्या बंदुकीचं, आणि आवाज कमी करणारी जोडणी तर अग्निशस्त्राच्या व्याख्येतच धरलेली आहे. रानडुक्कर आणि माकडांनी हैराण झालेल्या कोकणातल्या बागायतदारासमोर .१७ की .२२ हा प्रश्न त्यामुळे उभाच राहत नाही.

२००२ मध्ये हॉर्नडी कंपनीचं .१७ एचएमआर काडतूस आलं: अवघी १७ ग्रेनची, म्हणजे सव्वा ग्रॅमहूनही हलकी गोळी, वेग सेकंदाला २,५५० फूट. सपाट जाते, उसळत कमी. पण गप्प बसत नाही. अलीकडचा पेच शिशाचा आहे. मेलेल्या प्राण्यांतलं शिसं गिधाडांच्या पोटात जातं, म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली. तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढ्याच वजनाची गोळी करायची तर ती लांब होते आणि .२२ च्या नळीतल्या, गोळीला फिरवणाऱ्या खाचांच्या १६ इंचात एक फेरा अशा संथ पिळाने नीट स्थिरावत नाही. आखूड केली तर वजन घटतं आणि वेग ध्वनीच्या पुढे जातो, म्हणजे मॉडरेटर असूनही तडाखा वाजतोच.