उरलेली लोकर धुतल्यावर आकसते? दोष उरलेपणाचा नाही

“दानातल्या लोकरीचं ब्लँकेट पहिल्याच धुण्यात आकसतं.” फोंड्यातल्या आमच्या क्रोशाच्या बैठकीत हे दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, आणि आश्रमासाठी आलेले गुंडे पिशवीतच राहतात.

आकसते ती मेंढीची खरी लोकर, तीही प्रक्रिया न केलेली. तिच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात, वीण नमद्यासारखी घट्ट होते. ॲक्रिलिकला असले खवले नसतात, आणि म्हापशाच्या बाजारात आपण ‘लोकर’ म्हणून घेतो ते बहुतेकदा ॲक्रिलिकच! घोटाळा होतो दोन्ही मिसळल्यावर: एक चौकोन आकसतो, शेजारचा तसाच राहतो, मध्ये चुण्या.

लेबल नसेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर पेटवा. केस जळल्याचा वास आणि चुरडणारी राख म्हणजे खरी लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. (मणी गार होऊ द्या. मी घाई केली होती, बोट भाजलं.)

पावसाळ्यात पिशवीला कुबट वास लागतो, तेवढे गुंडे मात्र विणण्याआधी उन्हात टाका.