पाणी उतरताना चिन्ह का उलटतं?

कृष्णेला पूर आला की सांगलीत एकच प्रश्न असतो, 'आयर्विनला किती झालं?' उत्तर फुटांत येतं. आयर्विन हा सांगलीतला कृष्णेवरचा पूल. त्या पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोक्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. पण सामान माळ्यावर चढवताना नेमका आकडा कुणाला हवा असतो? पाणी ४५ च्या आत की बाहेर, एवढंच बघायचं. शाळेच्या गणितातली असमानता, म्हणजे 'लहान की मोठं' सांगणारं विधान, हेच विचारते. साध्या समीकरणाचं उत्तर एक संख्या. असमानतेचं उत्तर म्हणजे संख्यारेषेचा अख्खा पट्टा.

समजा, पाणी ३९ फुटांवर आहे आणि दोन तासांना एक फूट चढतंय. तासांना 'त' म्हणू. धोका पातळीच्या आत असेपर्यंत

३९ + त/२ < ४५

दोन्हीकडून ३९ वजा केले की त/२ < ६, म्हणजे त < १२. बारा तास हातात आहेत. (खरी नदी इतकी शिस्तीत चढत नाही. कोयनेतून विसर्ग वाढला किंवा हरिपूरच्या संगमावर वारणा फुगून आली की हिशेब बदलतो.)

आता पाणी ५२ फुटांवरून त्याच गतीने उतरतंय. धोक्याखाली कधी जाईल?

५२ − त/२ < ४५
−त/२ < −७

आता दोन्ही बाजूंना −२ ने गुणायचं. 'ऋण संख्येने गुणलं की चिन्ह उलटतं' हे पोरं घोकतात आणि पेपरात नेमकं विसरतात. विसरून त < १४ लिहिलं तर काय होतं बघा: त = ० घातलं तरी चालतं, म्हणजे पाणी आत्ताच धोक्याखाली! ते तर ५२ वर आहे. खरं उत्तर त > १४. ऋण संख्येने गुणताना संख्यारेषा शून्यापाशी आरशासारखी पलटते. ३ < ५ असलं तरी −३ > −५. हे पटत नसेल तर ऋण पदच पलीकडे न्या: ७ < त/२. उलटापालट न करताही तेच उत्तर. मला हीच वाट आवडते.

ही < आणि > चिन्हं छापली गेली ती इंग्लंडच्या टॉमस हॅरियटच्या पुस्तकात, १६३१ साली, तो वारल्यानंतर दहा वर्षांनी.

आणि बरोबर चौदा तास झाले तेव्हा? पाणी ४५ वर टेकलेलं असतं, आणि ४५ < ४५ हे खोटं. म्हणून संख्यारेषेवर १४ पाशी पोकळ गोल काढायचा. '४५ किंवा त्याहून कमी' असं विचारलं असतं, तर तोच गोल भरून टाकला असता.