सॅम्पल ढिगाच्या पोटातून आणा

पऱ्हाटीपासून मिथेनॉल करायचंय, गॅसिफायरचं (काडीचा गॅस करणाऱ्या भट्टीचं) कोटेशन पाठवा, असे फोन हल्ली रोज येतात. छान वाटतं, पण आम्ही आधी ओलावा तपासायला सांगितला की बरेच जण नाराज होतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय.

हे इथेनॉलसारखं नाही. तिथे मळी आंबवतात. इथे पऱ्हाटी, तुऱ्हाटी, बगॅस (उसाचं चिपाड), लाकडाचे तुकडे 800 डिग्रीच्या वर तापवून गॅस करायचा, त्यातला टार (डांबरासारखा चिकट भाग) आणि गंधक काढायचा, हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड साधारण 2 ला 1 असं जुळवायचं आणि मग 50 ते 100 बार दाबाला तांब्याच्या कॅटॅलिस्टवरून (क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थावरून) न्यायचा, तेव्हा कुठे मिथेनॉल होतं. नुसत्या हवेवर चालणारा गॅसिफायर याला चालत नाही, हवेतल्या नायट्रोजनने गॅस पातळ होतो, ऑक्सिजन आणि वाफ लागते. आमचं काम चिपिंग, ड्रायर आणि गॅसिफायरपर्यंत, पुढचा रिॲक्टर आम्ही करत नाही.

आता ओलावा. 3 टनाच्या ट्रॉलीत 40 टक्के ओलावा असेल तर 1,200 किलो पाणीच आणलंत, आणि माल 15 टक्क्यांवर आणायला त्यातलं साधारण 880 किलो उडवावं लागतं, किलोमागे निदान 2.6 मेगाज्यूल उष्णता जाते. न वाळवता ओलंच टाकलं तर आतलं तापमान पडतं, टार वाढतो, कार्बन मोनॉक्साइड कमी होतो. टार पुढे कॉम्प्रेसरमध्ये जाऊन बसतो, तो काढायला दिवस जातात. कारखान्यातून निघालेल्या बगॅसमध्ये तर निम्मं पाणीच असतं.

आणि सगळ्यात जास्त वेळ जातो तो चुकीच्या सॅम्पलने. लोक ढिगाच्या वरची, उन्हाने कडक झालेली मूठभर काडी गोणपाटात बांधून मोटरसायकलवर आणतात, रस्त्यात ती अजून वाळते. मागच्या सीझनला एकांचं सॅम्पल 11 टक्के आलं, ट्रक आला तेव्हा माल 38 टक्के, आणि त्यांचा ड्रायर लहान पडला, सगळं डिझाइन परत करावं लागलं. त्यांचेही दोन महिने गेले, आमचेही.

म्हणून ढिगात हातभर आत घाला, चार-पाच जागचं मिळून दोन किलो घ्या, लगेच जाड प्लास्टिक पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा, तारीख लिहा आणि त्याच दिवशी आणा. आम्ही 105 डिग्रीला वजन स्थिर होईपर्यंत वाळवतो, एक दिवस लागतो. याचे पैसे का घेता असं विचारतात, ऑर्डर दिली की ते बिलातून वजा होतात, आणि सॅम्पल न बघता दिलेलं कोटेशन पुढे तुम्हालाच महाग पडतं.

किती निघेल? मोठ्या, नीट चाललेल्या प्लांटमध्ये कोरड्या टनाला साधारण अर्धा टन मिथेनॉल, पण टन कोरडा हवा, ट्रॉलीतला नाही. पेंढा असेल तर वेगळं सांगा, त्याची राख वितळून भट्टीत गोळे होतात, जाळी वेगळी लागते आणि ती आम्ही बनवतो. मिथेनॉल विषारी आहे, साठवायला परवाना लागतो, तो अर्ज लवकर टाका.

सॅम्पल सकाळी आणलंत तर त्याच दिवशी ओव्हनला लागतं.